जुनी आउटबोर्ड मोटार आणि छोटी बोट: पूर येण्याआधी काय काय तपासायचं

२०१९ चा ३१ जुलै किंवा २०२४ चा ऑगस्ट ज्यांनी बडोद्यात काढला, त्यांना बोट कशाला हवी हे सांगावं लागत नाही. काळाघोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडली की समा, अकोटा, वडसर, मुजमहुडा इकडे कोणाच्या ना कोणाच्या तळमजल्यात पाणी येतंच. आमच्या मंडळाने वापरलेली फायबरची बोट आणि आठ हॉर्सपॉवरची जुनी मोटार घेतली ती यासाठीच. पण अशी मोटार वर्षातला बहुतेक काळ पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असते, आणि नेमकी गरज पडते त्या रात्री पाच जण आळीपाळीने दोरी ओढत बसतात.

अशा वेळी "मोटार गेली, भंगारात द्या" म्हणणारा एक तरी जाणकार हजर असतो. त्याचं लगेच ऐकू नका. टू-स्ट्रोक मोटार चालून जेवढी झिजते त्याहून जास्त ती पडून बिघडते. पेट्रोल आटून चिकटा धरतो, रबर कडक होतं, प्लगवर गंज चढतो. या सगळ्याला इंजिन उघडावं लागत नाही. आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग थंड करणारं पाणी, या क्रमाने बघत गेलात तर बहुतेक दुखणी घरच्या घरी बरी होतात. क्रम मात्र सोडायचा नाही. एकाच वेळी प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडला आणि वायरीही हलवल्या, तर मोटार सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

पुढचं सगळं दोरीने सुरू होणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या, पंधरा हॉर्सपॉवरच्या आतल्या टू-स्ट्रोक मोटारींसाठी आहे. फोर-स्ट्रोकचं तेल-पाण्याचं गणित वेगळं असतं.

१. विकत घेण्याआधी: कागद आणि पाटी

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नदी-तलावात यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. "आपली तर छोटी आहे, आपल्याला कोण विचारतंय" हे डोक्यातून काढा. गुजरातेत चौकशी मेरीटाइम बोर्डाकडे करायची. जवळ ठेवायचे कागद असे:

- बोट आणि मोटार दोन्हींची बिलं किंवा विकणाऱ्याचं सही केलेलं पत्र, त्यात मोटारीचा सीरियल नंबर
- नोंदणी आणि तपासणीची प्रमाणपत्रं
- बोटीत किती माणसं बसू शकतात याचा लेखी आकडा, आणि तोच आकडा बोटीच्या बाजूवर रंगाने लिहिलेला

तो शेवटचा आकडा शोभेचा नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत बसवायला हवीत त्याहून जास्त माणसं होती. पुरात तर लोक गयावया करत चढतात. तेव्हा "पुढच्या खेपेला" असं म्हणणारा एक कडक माणूस बोटीवर असलाच पाहिजे, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणीही बसायचं नाही, चालवणाऱ्यासकट.

मोटारीच्या ब्रॅकेटवर किंवा मानेवर एक पाटी असते. तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मॉडेलचा कोड आणि सीरियल नंबर नसेल तर सुटे भाग मागवताना दुकानदार आणि तुम्ही दोघंही अंधारात. किनाऱ्यावरून आलेली मोटार असेल तर ती रॉकेलवर चालणारी तर नाही ना, हेही विचारून घ्या. तशी मोटार पेट्रोलवर सुरू करतात, गरम झाल्यावर रॉकेलवर घेतात आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणतात. हे माहीत नसलं की माणूस थंड मोटारीला रॉकेल पाजत बसतो.

शाफ्टची लांबीही तिथेच मोजा. आखूड शाफ्ट साधारण १५ इंचांच्या मागच्या फळीला बसतो, लांब २० इंचांच्या. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मोटार नुसती ओरडते आणि बोट जागची हलत नाही.

२. हत्यारं आणि सामान

फार काही लागत नाही. प्लगचा पाना, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, १० ते १४ चे पाने, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉलिश पेपर, तांब्याच्या वायरीची एक बारीक तार, कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा आणि मरीन ग्रीस. सुट्या भागांत प्लगची एक जादा जोडी, इम्पेलर (थंड करणारं पाणी ओढणारा रबरी पंखा), पंख्याची पिन आणि कॉटर पिन, पेट्रोलच्या नळीच्या ओ-रिंग, गिअर ऑइलच्या स्क्रूचे वायसर. यातला इम्पेलर बडोद्यात सहजी मिळत नाही. वेरावळ-पोरबंदरकडे मासेमारीच्या होड्यांना या मोटारी रोज लागतात, तिकडून मॉडेल नंबर सांगून उन्हाळ्यातच मागवून ठेवा. बुश वगैरे वळवून घ्यायचं काम मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत होतं.

आणि एक दोनशे लिटरचा ड्रम, तोंड कापलेला.

३. ड्रममध्ये पाणी भरल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही

नवीन माणूस पहिल्यांदा हेच चुकतो. मोटार स्टँडला लावून "बघू तरी सुरू होते का" म्हणत कोरडी फिरवतो. लोअर युनिटमध्ये, म्हणजे मोटारीच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो, तो नदीचं पाणी वर ओढून इंजिन थंड करतो. त्याला वंगण पाण्याचंच. कोरडा फिरला तर काही सेकंदांत पाकळ्या भाजतात.

ड्रममध्ये पाणी त्या आडव्या पट्टीच्या वर चार बोटं येईल इतकं भरा. मोटार घट्ट कसा, मागे एक दोर बांधून ठेवा. गिअर न्यूट्रलला. ड्रममध्ये गिअर टाकून जोरात रेस करू नका, पाणी उडून जातं आणि पुन्हा तीच गोष्ट. जागा उघडी असू द्या, बेसमेंटमध्ये धूर कोंडतो.

४. सुरू होत नाही: पेट्रोलची बाजू

दोरी ओढण्याआधी चार गोष्टींवरून नजर फिरवा. बंद करायच्या बटणाची लाल दोरी, म्हणजे तिची क्लिप, जागेवर आहे का? ती निघालेली असेल तर ठिणगीच पडत नाही, मग कितीही ओढा. गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? आणि नळीतला रबरी फुगा दाबून कडक झाला का? फुग्यावरचा बाण मोटारीकडे हवा. उलटा जोडलेलाही पाहिलाय.

फुगा बरंच काही सांगतो. दाबूनही कडक होत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय. बहुधा जोडणीची ओ-रिंग गेलेली किंवा नळीला बारीक चीर. कडक होतो पण मोटार दाद देत नाही, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई चिकटलीय. आणि मोटार दोन-चार मिनिटं छान चालून बंद पडते, तेव्हा फुगा आत चेपलेला दिसतो. म्हणजे टाकीचा हवेचा स्क्रू बंद आहे. त्यासाठी मेकॅनिकला पैसे दिलेले लोक मला माहीत आहेत.

आता पेट्रोल. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा पुरेसा झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. मोटार पेट्रोल ओढते तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आणि ते राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. म्हणजे मोटार नुसती अडखळत नाही, तिला वंगणही मिळत नाही. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा या पेट्रोलने लवकर फुगतात. म्हणून मागच्या पावसाळ्याचं पेट्रोल वापरायचं नाही. काचेच्या बरणीत काढून उजेडात धरा, खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या.

तेलाचं प्रमाण पाटीवर किंवा पुस्तकात असतं. बऱ्याच मोटारींना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. खूप जुन्या काहींना २५:१, लिटरला ४० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारींसाठीचा दर्जा) लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टूटी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं, या मोटारीत ते प्लगवर आणि पिस्टनवर काजळी धरतं. "थोडं जास्त असलेलं बरं" हाही गैरसमज. जास्त तेलाने प्लग ओले होतात. आधी थोडं पेट्रोल, मग तेल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. टाकी बोटीतून बाहेर काढून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते.

एवढं करूनही मोटार चोक ओढल्यावर फुरफुरते आणि चोक सोडला की मरते, तर कार्ब्युरेटर उघडायला हवा. खालची वाटी काढलीत की आत चिकट पिवळसर थर दिसेल, कोपऱ्यांत हिरवट खडे, आणि वास पेट्रोलचा नव्हे, वॉर्निशचा. मधोमध पितळी जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा, असतो. तो काढून उजेडाकडे धरा. भोकातून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तरी जेट बंदच समजा. क्लीनर मारून थोडा वेळ ठेवा, मग तांब्याची तार हलकेच घाला. सुई किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की मोटार कायमची जास्त पेट्रोल पिते. बाजूचा मंद चालीचा स्क्रू काढण्याआधी तो घड्याळाच्या दिशेने हलकेच बसवत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. वाटीचं गास्केट फाटलं तर सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे पुन्हा जेटमध्येच जातात.

५. ठिणगी

प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही किंवा कमी आहे. कोरडा असेल तर मागच्या पायरीवर परत जा. टोक काळं, तेलकट असेल तर तेल जास्त. पांढुरकं, करपलेलं असेल तर इंजिन तापतंय किंवा तेल-पेट्रोल कमी पडतंय.

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाला घट्ट टेकवा, टोपी कोरड्या रबरी हातमोज्याने धरा, आसपास पेट्रोल सांडलेलं नको, दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, बारीक पडत असेल तर आधी प्लग बदला. प्लग कुठेही न टेकवता मोटार फिरवली तर सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल जळू शकते, आणि जुन्या मोटारीची सीडीआय मिळवणं हा एक वेगळाच प्रकल्प असतो.

प्लगचा नंबर पुस्तकाप्रमाणेच घ्या. एनजीकेच्या नंबरात शेवटी -१० असेल तर फट १ मिलिमीटरची असते. दोन सिलिंडरची मोटार एकाच सिलिंडरवर लंगडत असेल तर दोन्ही प्लग अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग, नाही सरकला तर कॉइल किंवा वायर. टोपीच्या आत हिरवा गंज असेल तर टोपी काढून वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून परत बसवा. पावसाळ्याच्या तोंडावर हे एवढं काम पुष्कळदा पुरतं.

ओढून ओढून सिलिंडर पेट्रोलने भरला असेल, तर नळी सोडवा, लाल क्लिप काढा, प्लग काढा, त्यांचं अंग इंजिनाला टेकवून ठेवा, चोक न ओढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा-बारा वेळा दोरी ओढा. पुसलेले प्लग, नळी आणि क्लिप लावून पुन्हा प्रयत्न करा.

६. पाण्याची धार

मोटार सुरू झाली की नजर आधी मागच्या छोट्या भोकाकडे. तिथून पाण्याची सलग धार यायला हवी. अर्ध्या मिनिटात आली नाही तर बंद करा. "येईल येईल" म्हणत थांबलात तर पिस्टन चिकटतो, आणि मग खरोखरच मोटार जाते.

धार नाही याचा अर्थ लगेच इम्पेलर असा लावू नका. आधी भोकात तंगूसचा कडक तुकडा घालून बघा. कुंभारमाशीला ती जागा फार आवडते. खालची पाण्याची जाळीही गाळाने बुजते, पुराचं पाणी म्हणजे निम्मा चिखलच. एवढ्याने झालं नाही तर लोअर युनिट उतरवा. चार-पाच बोल्ट आणि गिअरच्या दांड्याची जोडणी सोडली की ते खाली येतं. पंपाचं झाकण काढा. चांगल्या इम्पेलरच्या पाकळ्या बोटाने वाकवल्या तर लगेच सरळ होतात. पडून राहिलेल्याच्या एका बाजूला वाकलेल्या तशाच राहतात, मुळाशी चिरा दिसतात. बदलताना तुटलेली पाकळी वरच्या नळीत अडकलेली नाही ना ते बघा, आणि शाफ्टवरची छोटी चावी हरवू नका. ती जमिनीवर पडली की सापडत नाही, म्हणून खाली पांढरं कापड पसरा.

कमी वापराच्या मोटारीलाही दोन वर्षांनी इम्पेलर बदलावा. रबर वापराचा हिशोब ठेवत नाही.

७. गिअर ऑइल आणि पंखा

लोअर युनिटला दोन स्क्रू असतात. आधी खालचा काढा, मग वरचा. बाहेर येणारं तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरतंय, सील बदलायला हवं. पुष्कळदा सील फाडणारं कारण पंख्याच्या मागे गुंडाळलेला तंगूस असतो, म्हणून पंखा काढून शाफ्ट बघाच. नवीन तेल, बहुधा एसएई ९० हायपॉइड, खालच्या भोकातून वर चढवत भरा. वरून यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वरून ओतलंत तर हवा आत अडकते आणि भरलंय असं वाटूनही कमीच भरतं. वायसर दर वेळी नवे.

मोटार जोरात फिरते पण बोट ढिम्म, तर पंख्याची पिन तुटलीय किंवा आतलं रबर फिरतंय. पिनेच्या जागी खिळा घालू नका. पिन मुद्दाम मऊ केलेली असते, दगडाला आपटल्यावर गिअरऐवजी ती तुटावी म्हणून.

८. बोट

मागची फळी सर्वांत महत्त्वाची, कारण मोटारीचं सगळं ओझं तिच्यावर. फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी जाऊन ते कुजतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. टणक आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला तर तिथलं लाकूड गेलं. अशा फळीवर मोटार लावायची नाही, बदलूनच घ्या.

तळाच्या चिरा भरायच्या तर बोट आधी उन्हात पूर्ण वाळवा. चिरेच्या भोवती दोन-तीन इंच घासून, फायबरची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिनचे थर द्या. दुकानदार कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत देतो. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून घ्या, हार्डनर लावण्याच्या वेळी.

तळाचं बूच मोटारीच्या हँडलला दोरीने बांधून ठेवा. ते बसवायचं विसरून बोट पाण्यात घालणं ही जगभरची परंपरा आहे. वल्ही, नांगर आणि तीस फूट दोर, पाणी उपसायला डबा, शिट्टी, टॉर्च हे बोटीतच राहू द्या.

९. गल्लीतल्या पाण्यात

सराव नदीत नको, विश्वामित्रीत मगरी आहेत. आणि पुरात त्या सोसायटीच्या आवारातही येतात. म्हणून पंख्यात जलपर्णी, साडी किंवा प्लॅस्टिक अडकलं तर पाण्यात हात-पाय न घालता मोटार बंद करा, लाल दोरी काढा, मोटार वर उचला आणि आकड्याने सोडवा. पाण्याखाली दुचाकी, फाटक, दुभाजक असतात. माणूस चालतो त्या चालीनेच जा. वीज चालू असलेल्या भागात वीज कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय शिरू नका. पोलीस, अग्निशमन दल किंवा जरोदच्या एनडीआरएफच्या तुकड्या जिथे काम करताहेत तिथे त्यांना विचारूनच.

मध्येच मोटार बंद पडली तर आधी वल्ही हातात घ्या, प्रवाह असेल तर नांगर टाका, आणि मग क्लिप, हवेचा स्क्रू, फुगा याच क्रमाने बघा. दोरी तुटली तर वरचं झाकण काढून फ्लायव्हीलच्या (इंजिनावरच्या फिरत्या चाकाच्या) खाचेत गाठ अडकवून साध्या दोराने मोटार सुरू करता येते. तो दोर गाठ मारून हत्यारांच्या पिशवीत ठेवा. सैल बाही, ओढणी जवळ नको, आणि सुरू झाल्यावर झाकण परत बसवायला जाऊ नका, फिरत्या फ्लायव्हीलपासून हात लांब ठेवा.

१०. मोटारच बुडाली तर

वेळ फार थोडा असतो. बाहेर काढलेली, ओली मोटार हवेत तशीच ठेवली की काही तासांत बेअरिंगला गंज चढतो. सुरू असताना बुडाली असेल तर आधी फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. अडत असेल तर जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. फिरत असेल तर गोड्या पाण्याने चिखल धुवा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली येतील अशी मोटार आडवी करा आणि फ्लायव्हील फिरवत पाणी काढा. कार्ब्युरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक तेल ओता, परत फिरवा, मग ताजं पेट्रोल आणि नवे प्लग लावून ड्रममध्ये निदान अर्धा तास चालवा. हे लगेच जमणार नसेल, तर मोटार स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवणं हवेत ठेवण्यापेक्षा बरं.

११. परत ताडपत्रीखाली ठेवताना

ड्रममध्ये स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटं चालवा. गढूळ पाण्यातून किंवा भरूचकडच्या खाऱ्या पाण्यातून आली असेल तर हे चुकवायचं नाहीच. मंद चालीवर पेट्रोलची नळी काढून मोटार आपोआप बंद होऊ द्या, वाटीचा तळाचा स्क्रू काढून उरलेले थेंब सोडा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून दोरी हळू दोनदा ओढा. टाकी रिकामी करून झाकण सैल ठेवा. गिअर ऑइल आत्ताच बदला, पावसाळ्याआधी नाही. पाणी शिरलं असेल तर ते वर्षभर आत ठेवण्यात अर्थ नाही.

मोटार उभी ठेवा. आडवी ठेवावीच लागली तर पंख्याची बाजू इंजिनापेक्षा खाली राहील अशी, नाहीतर शाफ्टमधलं पाणी सिलिंडरकडे जातं. बोट उलटी, विटांवर, बूच काढून. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणी तरी एकाने येऊन दोरी हळू दोनदा ओढायची, लाल क्लिप काढलेली असताना (एवढ्यासाठी ड्रम भरावा लागत नाही). मे महिन्यात ड्रम भरून पूर्ण चाचणी. मंडळाच्या वहीत तारीख आणि पाण्याची धार आली की नाही, एवढं लिहून ठेवलं तरी पुढच्या माणसाचं निम्मं काम होतं.